शेंडी, अंबाडा आणि निळे केस

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी माझी सोळा वर्षांची नात आमच्याकडे राहायला आली, ती निळे केस घेऊन. निळे म्हणजे अगदी मोरपिशी निळे! दारात उभी राहून ती हसत होती, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "अगं, शनिवारी मंडळाचा कार्यक्रम आहे. लोक काय म्हणतील?"

तिचं हसू मावळलं. "आजी, मला वाटलं होतं, तू तरी असं म्हणणार नाहीस," एवढंच बोलून ती बॅग घेऊन वर निघून गेली.

मी स्वयंपाकघरात येऊन चकलीची भाजणी मळायला घेतली खरी, पण मन थाऱ्यावर नव्हतं. कारण अगदी हेच वाक्य एके काळी माझ्या वाट्याला आलं होतं, आणि तेही केसांवरूनच.

मी लग्न होऊन न्यू जर्सीत आले 1977 साली. तेव्हा माझा शेपटा कमरेच्या खाली पोचत होता. सांगलीच्या उन्हात असे केस तासाभरात वाळायचे. इथे जानेवारीत सकाळी न्हाऊन बसस्टॉपवर उभी राहिले की वेणीचं टोक काठीसारखं कडक व्हायचं. दोन हिवाळे सर्दी-पडशात काढले आणि तिसऱ्या वर्षी सरळ जाऊन मानेपर्यंत केस कापून आले. घरी फोटो पाठवायचं मात्र शिताफीने टाळलं. 1981 मध्ये सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या. केनेडी विमानतळावर त्यांनी आधी माझ्या मानेकडे पाहिलं, मग माझ्या मंगळसूत्राकडे, आणि मग आपल्या मुलाकडे. घरी येईपर्यंत गाडीत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. रात्री त्यांच्या खोलीतून मुसमुसण्याचा आवाज आला.

मला राग आला होता. एवढं काय त्या केसांचं, असं वाटलं होतं. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "लोक काय म्हणतील ते राहू दे गं. पण आमच्या घरात बाईच्या केसांना हत्यार लागलेलं मी एकदाच पाहिलंय." आणि मग त्यांनी त्यांच्या आत्याची गोष्ट सांगितली. चौदाव्या वर्षी विधवा झालेली ही आत्या लाल अलवणात, डोक्यावरून पदर घेऊन, वाईच्या घरात सोवळ्याचा स्वयंपाक करत म्हातारी झाली. ठराविक दिवसांनी न्हावी मागीलदारी यायचा. मुलांना माजघरात बोलावून दार लावून घेतलं जायचं. एकदा सासूबाईंनी फटीतून पाहिलं होतं. सवाष्ण सुनेची उघडी मान पाहून त्यांना आठवली ती ही आत्या. त्यांच्या डोळ्यांना माझा बॉबकट दिसलाच नव्हता.

तेव्हापासून मला एक खोड लागली. कुठेही केसांवरून वाद झालेला वाचला की मी तो नीट वाचते. कारण केसांना बघून माणसं जेव्हा दचकतात, तेव्हा ती बहुतेक वेळा काहीतरी जुनं आठवून दचकतात. आज त्यातलंच थोडं तुमच्यासमोर मांडते.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. आपली भाषाच बघा ना! कुणाला फसवलं तर आपण त्याला शेंडी लावतो, दगा दिला तर केसाने गळा कापतो, आणि अनुभव सांगायचा तर 'हे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत' म्हणतो. हट्टाला पेटलो तर शेंडी तुटो की पारंबी तुटो! पूर्वी माणसाच्या डोक्याकडे एक नजर टाकली की त्याची जात, वय, सौभाग्य, सुतक, सगळं कळायचं. ब्राह्मण पुरुषाने सभोवार वस्तरा फिरवून घेरा आणि शेंडी राखायची. बापाच्या मरणानंतर मुलाने डोकं भादरायचं. सवाष्णीने अंबाडा किंवा खोपा घालून त्यात फूल माळायचं. आणि नवरा गेला की ब्राह्मण व तत्सम जातींतल्या बाईचे केसच काढून टाकायचे. विधवेची वेणी परलोकात नवऱ्याला बंधन ठरते, अशी समजूत त्यासाठी सांगितली जाई. ज्या जातींत पाट लावण्याची चाल होती, तिथे विधवेला पुन्हा संसार मांडता येई. म्हणजे 'परंपरा' म्हणतो तीसुद्धा सगळ्यांची एक नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या वस्तऱ्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. 1888 मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला आणि केशवपनावर कोरडे ओढले. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 1890 पासून 'करमणुकी'त येऊ लागली. तिच्यातल्या यमूचं जबरदस्तीने केलेलं केशवपन वाचून किती घरांत डोळे पुसले गेले असतील! पण मला स्वतःला सगळ्यांत जास्त थक्क करते ती 1890 सालचीच मुंबईतली एक सभा. कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र जमली आणि यापुढे विधवांची डोकी भादरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं. शास्त्री-पंडितांचे वाद चालू होते, पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. हातावर पोट असलेल्यांनी आपलं गिऱ्हाईक सोडायला तयार व्हावं, ही लहान गोष्ट नव्हे. त्या एका ठरावाने चाल बंद पडली नाही; सासूबाईंची आत्या याच्या कितीतरी नंतरची. पण हे अमानुष काम आहे असं ते करणाऱ्यांनीच जाहीरपणे म्हटलं, याची नोंद इतिहासात राहिली.

शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक होती कोकणातल्या देवरुखची गोदूबाई जोशी. लहानपणीच विधवा झालेली, वपन झालेली. सदनात आल्यावर तिने केस राखले. 1893 मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्व्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. हे सगळं आनंदीबाईंनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. आपल्या वाचकांनी हे नाव खास लक्षात ठेवावं, कारण आपल्या आधी कितीतरी वर्षं त्या अमेरिकेत येऊन गेल्या आहेत! त्याही तरुणपणी विधवा झाल्या. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडताना त्यांनी वपन चालूच ठेवलं होतं. सोवळ्या बाईवर जुन्या वळणाचे लोक विश्वास टाकत, तिच्या हातावर पैसे ठेवत. पुढे चाळिशी उलटल्यावर त्यांनी विचार करून वपन थांबवलं. आता गंमत बघा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बहिणीने केस राखले तेव्हा लोक खवळले होते. आता पार्वतीबाईंनी राखले, तेव्हाही त्यांच्यावर टीका झालीच. बाईने काहीही केलं तरी तिचं डोकं हा गावाचा विषय! अशा या पार्वतीबाई 1918 साली जेमतेम इंग्रजीच्या भांडवलावर अमेरिकेत आल्या, लोकांच्या घरी कामं करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी निधी जमवून परत गेल्या. 'माझी कहाणी' या त्यांच्या पुस्तकात ही हकीकत आहे. आपण विमानाने येऊन, गराज असलेल्या घरात राहून 'स्ट्रगल'च्या गोष्टी सांगतो, तेव्हा मला या बाई आठवतात.

त्या इथे असतानाच अमेरिकेतही बायकांच्या केसांवरून वादळ सुरू होत होतं. 1915 च्या सुमाराला आयरीन कॅसल या प्रसिद्ध नर्तकीने केस आखूड केले आणि पाहता पाहता 'बॉब'ची लाट आली. पुष्कळ केशभूषाकार बायकांचे केस असे कापायला तयार नसत, म्हणून मुली पुरुषांच्या न्हाव्याकडे रांग लावत. स्कॉट फिट्झजेराल्डने 1920 मध्ये एका मुलीच्या केस कापण्यावर अख्खी कथा लिहिली, आणि 1928 मध्ये मूकपटांची लाडकी तारका मेरी पिकफर्ड हिने आपले कुरळे केस कापले तर ती 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानाची बातमी झाली. आपल्याकडे 'बॉबकटवाली' हा शब्द पुढे कितीतरी वर्षं 'आगाऊ मुलगी' या अर्थाने वापरला जाई. माझ्या आईच्या तोंडी तो होता.

आता पुरुषांकडे वळू, कारण त्यांचीही यातून सुटका नव्हती. चीनमध्ये मांचू राज्यकर्त्यांनी 1645 मध्ये हुकूम काढला की प्रत्येक चिनी पुरुषाने कपाळाकडचे केस काढून मागे लांब वेणी ठेवावी. केस ठेवायचे तर डोकं गमवा, अशी तंबी होती आणि खरोखर माणसं मारली गेली. पण काळाचा महिमा असा की अडीचशे वर्षांत तीच लादलेली वेणी चिनी माणसाच्या इभ्रतीची खूण झाली. पोट भरायला कॅलिफोर्नियात आलेल्या चिनी मजुरांच्या पाठीवर ती होती. सॅन फ्रान्सिस्को शहराने त्यांना हैराण करायला काय काय नियम केले म्हणता! एका नियमाप्रमाणे राहत्या खोलीत दर माणशी 500 घनफूट जागा हवी. नाही तर दंड, दंड न भरल्यास तुरुंग. चिनी मजूर दंड न भरता तुरुंगात जाऊन बसत. मग 1876 मध्ये दुसरा नियम आला की तुरुंगात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे केस एक इंचापर्यंत कापायचे.

हो आह काऊ नावाच्या एका मजुराने 10 डॉलर दंड भरला नाही, म्हणून 1878 मध्ये त्याला पाच दिवसांची कैद झाली आणि त्याची वेणी कापली गेली. तो गप्प बसला नाही. त्याने थेट शेरीफवर दावा लावला. 1879 मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. नियमाची भाषा सगळ्यांना लागू होणारी असली तरी घाव फक्त चिन्यांवर पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, असं त्यांनी म्हटलं. उद्या सगळ्या कैद्यांना डुकराचं मांस खायला घालायचा नियम केला, तर तो ज्यूंवर रोखलेला आहे हे कळणार नाही का, असा त्यांचा दाखला होता. परक्या देशातून आलेल्या, भाषा न येणाऱ्या मजुराच्या वेणीपायी अमेरिकेच्या कायद्यात समानतेचा एक महत्त्वाचा धडा लिहिला गेला. आणि 1911 च्या क्रांतीनंतर चीनमध्ये तीच वेणी मागासलेपणाची खूण ठरून भराभर कापली गेली! कधी कधी सैनिक रस्त्यात धरून लोकांच्या वेण्या कापत. वेणी लादतानाही जबरदस्ती आणि काढतानाही जबरदस्तीच.

माझ्या पिढीचा केसांचा इतिहास सुरू होतो बीटल्सपासून. फेब्रुवारी 1964 मध्ये हे चौघे अमेरिकेत उतरले आणि घराघरांत बाप-मुलांची भांडणं सुरू झाली. कॉलरपर्यंत केस वाढवले म्हणून मुलांना शाळेतून काढलं गेलं, प्रकरणं कोर्टात गेली. 1972 या एकाच वर्षात एका फेडरल अपील कोर्टाने टेक्सासमधल्या शाळेची बाजू उचलून धरली, तर दुसऱ्याने उत्तर कॅरोलायनातल्या विद्यार्थ्यांची. सुप्रीम कोर्टाने मात्र अशी प्रकरणं हातात घेतलीच नाहीत. सिंगापूरने तर कमाल केली. लांब केसांच्या पुरुषांचं काम सगळ्यांत शेवटी केलं जाईल, अशा पाट्या तिथल्या कचेऱ्यांत लागल्या. लांब म्हणजे किती, तर कपाळावरून भुवयांपर्यंत येणारे, कान झाकणारे किंवा कॉलरच्या खाली उतरणारे, असं चित्र काढून दाखवलेलं असे. 1972 मध्ये 'लेड झेपेलिन'ला केसांपायी तिथला कार्यक्रम रद्द करावा लागला.

त्याच काळात आमच्या सांगलीत 'हिप्पी कट' ही शिवी होती. माझा भाऊ कानावर केस घेऊन घरी आला, तर वडिलांनी त्याला हाताला धरून सलूनमध्ये नेलं आणि 'सोल्जर कट' करून परत आणलं. मुलींना मात्र 'साधना कट' हवा असायचा. 1960 च्या 'लव्ह इन सिमला'मध्ये साधनाचं रुंद कपाळ झाकायला ती झुलपं कपाळावर आणली गेली, आणि देशभरच्या मुलींनी आरशासमोर कात्र्या हातात घेतल्या. नट-नट्यांनी आणि खेळाडूंनी केलेलं आपण फार लवकर पचवतो. धोनीचे मानेवर रुळणारे केस आठवतात ना? 2006 मध्ये लाहोरच्या सामन्यानंतर जनरल मुशर्रफ यांनी ते कापू नकोस असं त्याला जाहीरपणे सांगितलं, आणि आपली कौतुकाने छाती फुगली. तेच केस आपल्या मुलाने वाढवले असते तर?

रंगाचंही तसंच. केस रंगवणं आपल्याला नवं नाही. मेंदी होती, कलप होता. 1907 मध्ये फ्रान्समध्ये यूजीन श्युलर या रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम रंग तयार केला, त्यातून पुढे 'लोरेआल' कंपनी उभी राहिली. अमेरिकेत तरी बराच काळ केस रंगवणारी बाई म्हणजे नटी किंवा तसलीच कोणी, असा समज होता. 1956 मध्ये 'क्लेरॉल'ने घरच्या घरी लावता येईल असा रंग आणला आणि जाहिरातीचा सगळा भर यावर ठेवला की रंगवलेले आहेत हे कुणाला कळणार नाही. बस्स, लाखो सुखवस्तू गृहिणींनी तो घेतला. मग 1976-77 मध्ये लंडनचे पंक पुढे आले आणि त्यांनी हिरवे, गुलाबी, जांभळे तुरे उभे केले. 1977 मध्येच न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवर दोन बहिणींनी 'मॅनिक पॅनिक' हे दुकान उघडून असे भडक रंग विकायला सुरुवात केली. पंकांचे केस रंगवलेले आहेत हे शंभर फुटांवरून कळत होतं, आणि लोकांना नेमकं तेच खटकलं. आपल्या मंडळात पंच्याहत्तरीचे कितीतरी गृहस्थ कुळकुळीत काळे केस घेऊन वावरतात, पण त्यांना कुणी 'हे काय नवीन खूळ' म्हणत नाही. सगळ्यांना माहीत असतं, सगळे गप्प असतात!

मात्र सगळ्यांनाच अशी सवलत मिळत नाही. डिसेंबर 2018 मध्ये, आपल्याच न्यू जर्सीत, एका कृष्णवर्णीय शाळकरी मल्लाला रेफरीने सांगितलं की एक तर केस काप, नाही तर सामना सोड. भर मॅटशेजारी, प्रेक्षकांसमोर त्याच्या केसांच्या बटा कात्रीने कापल्या गेल्या. तो सामना जिंकला, पण जिंकल्यावरचा त्याचा चेहरा मी टीव्हीवर पाहिला आणि मला वाईचं ते मागीलदार आठवलं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने आणि मागोमाग न्यूयॉर्क व न्यू जर्सीने 'क्राउन' कायदा केला. केसांच्या नैसर्गिक पोतावरून किंवा त्याला साजेशा वेण्या-बटांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असं हा कायदा सांगतो. आज वीसहून अधिक राज्यांत तो आहे. सगळ्या देशासाठी मात्र अजून झालेला नाही.

आणि त्याच वेळी आपल्या महाराष्ट्रात याच्या उलट काम चालू आहे. केसांत गुंता होऊन जट धरली की ती यल्लम्माची खूण समजायची, कापली तर देवीचा कोप होईल, या धाकाने कित्येक बायका वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवतात. मान दुखते, झोप येत नाही, उवा होतात, आणि पूर्वी अशा मुलींना देवीला सोडलं जाई. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती घरोघरी जाऊन समजूत काढते आणि त्या बाईच्या संमतीने जट कापते. अशा शेकडो बायका मोकळ्या झाल्या आहेत. म्हणजे एकीकडे बटा कापणं हा अपमान, दुसरीकडे जट कापणं ही सुटका. कात्री तीच. प्रश्न एवढाच की डोकं ज्याचं आहे, त्याला कुणी विचारलं का?

सासूबाईंना हे मी तेव्हा नीट सांगू शकले नव्हते. त्या सहा महिने राहिल्या. जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मला समोर बसवून डोक्याला तेल लावलं. मानेशी हात थांबला आणि म्हणाल्या, "हलकं वाटत असेल नाही गं?" मी हो म्हटलं. "आत्याला कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. तो विषय तिथे संपला.

तर त्या संध्याकाळी पिठाचे हात धुऊन मी वर गेले आणि नातीला हे सगळं सांगितलं. चीनच्या वेणीपासून पार्वतीबाईंपर्यंत. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग पणजीचा राग नव्हताच. ती घाबरली होती." मी म्हटलं, "हो. आणि मी नुसती लोकांना घाबरले होते. चुकलंच माझं."

शनिवारी ती मोरपिशी केसांत अबोलीचा कृत्रिम गजरा माळून कार्यक्रमाला आली. दोन-तीन जणींनी विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "माझी नात." एक कुळकुळीत काळ्या केसांचे गृहस्थ "हल्लीची पिढी!" म्हणाले. त्यांच्याकडे पाहून मी फक्त हसले.

नरकचतुर्दशीला पहाटे तिला पाटावर बसवून मी स्वतः तेल-उटणं लावलं. शिकेकाईने न्हाऊ घातलं, तर न्हाणीघरभर निळं पाणी! आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. वर्ष झालं त्याला. तिचे केस आता पुन्हा काळे आहेत, पण माझा तो पांढरा टॉवेल अजून निळसरच आहे.